पाच पाखरांचा परवाना

सासऱ्यांच्या श्राद्धाचं पान मी सांडपाण्याच्या तळ्याकाठी वाढलं. लिहून टाकलं एकदाचं. कुणी विचारेल, बाई शुद्धीवर होतीस का? पूर्ण शुद्धीवर होते. पहाटे न्हाऊन, हिरव्या ठिपक्यांची नवी टोपी घालून, गळ्यात हे एवढालं कॅमेऱ्याचं ओझं अडकवून आणि पिशवीत स्टीलचा डबा लपवून गेले होते. वय वर्षं बावन्न. म्हणजे अक्कल यायला तसा अवकाशच होता.

त्या पानापायी तीन जीव जन्माला यायचे राहिले आणि एका भल्या माणसाचा शुक्रवार कायमचा बुडायची वेळ आली. माझ्या नातीला हे सांगितलं तेव्हा तिने डोळे मोठे केले. "आजी, तू खरंच एग्ज मारलीस? ऑन पर्पज?" म्हटलं, "ऑन पर्पज नाही ग, पुण्य मिळावं म्हणून." तिला ते जास्तच भयंकर वाटलं.

तो भला माणूस म्हणजे शिकारीकाका. त्यांचं खरं नाव त्यांच्या रेसिडेंट कार्डावर होतं आणि कार्ड पाकिटात, त्यामुळे आम्हा मस्कतच्या मराठी लोकांना ते शिकारीकाका म्हणूनच ठाऊक. सावंतवाडीकडचे. मस्कतच्या गाला भागातली गॅरेजं आणि वर्कशॉप मागे टाकून पुढे गेलं, डांबरी रस्ता संपून नुसता खडक सुरू झाला, की एका कंपनीची तळी लागत. देवाने केलेली नव्हेत, माणसाने बांधलेली. एका मोठ्या वसाहतीचं आणि कामगारांच्या कॅम्पांचं सांडपाणी तिथे यायचं, आणि पुरुषभर उंच बोरूच्या बनांतून, एका तळ्यातून दुसऱ्यात झिरपत झिरपत, शेवटच्या तळ्यात इतकं निवळायचं की त्यात समोरचा डोंगर उभा दिसायचा. हायवेच्या कडेला आपण जी पेटुनियाची फुलं बघून "अय्या, वाळवंटात!" म्हणतो ना, ती याच पाण्यावर वाढलेली. काका तिथले ऑपरेटर. व्हॉल्व्ह फिरवायचे, बोरू छाटून घ्यायचे, तपासणीसाठी पाण्याच्या बाटल्या भरायच्या.

बाटल्या लॅबला जायच्या, पण काकांचा स्वतःचा विश्वास दोन यंत्रांवर. एक त्यांचं नाक आणि दुसरं चांगल्या पाण्यावरच उतरणारी बदकं. सकाळी बांधावर उभे राहून ते डोळे मिटून एक लांब श्वास घेत, आपण दाराशी कुणाच्या घरच्या मासळीचा अंदाज घेतो तसा, आणि म्हणत, "तीन नंबराक आज जरा घाई झाली, पाणी निवळूक नाय." लॅबचा कागद दोन दिवसांनी तेच सांगे. नाकाच्या या कारभारामुळे अत्तर लावून येणाऱ्याला गेटवरूनच परत पाठवायचा त्यांचा नियम होता. सांडपाण्याच्या तळ्यावर सुगंधाला बंदी! कुरुमच्या श्रीमंत वस्तीतल्या एक बाई महागाच्या ऊदमध्ये भिजून आल्या होत्या. काकांनी त्यांना नळाखाली मनगटं धुवायला लावली आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसवलं. मी तेव्हा खुदकन हसले. पुढच्या खेपेला माझ्या केसांतल्या गजऱ्यावरून मलाही नळ दाखवला, तेव्हा हसू आलं नाही.

आता शिकारीचं. दर हिवाळ्यात त्या तळ्यांवर बदकं उतरायची. थापटे, चक्रांग, शेपटीची तलवार मिरवणारी लांब मानेची बदकं. काकांनी कंपनीच्या साहेबांच्या मागे दोन वर्षं लागून एक परवानगी मिळवली होती. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या सकाळी, पब्लिकला पास देऊन तळ्यावर सोडायचं, शिकारीसाठी. बंदुकीच्या नव्हे हो, कॅमेऱ्याच्या. बंदुकीची गोष्ट काढली तर काका म्हणत, "हय बंदूक दिसली तर आधी मी आत, मागसून तुमी." पण कॅमेरा असला म्हणून शिकारीचे कायदे चुकत नसत. गेटवर कंपनीची अरबी-इंग्रजी पाटी, 'शिकारीस मनाई', आणि तिच्याखाली काकांच्या हस्ताक्षरात पुठ्ठ्यावर मराठीत: 'माणशी पाच.'

पाच म्हणजे पाच फोटो. त्यांच्या तरुणपणी गावाकडे बदकांच्या शिकारीचा सरकारी परवाना मिळायचा, आणि त्यांच्या परवान्यावर एका दिवसाला पाच पाखरं लिहिलेली. तोच आकडा ते ओमानात घेऊन आले होते. फोटोला ते फोटो म्हणत नसत. "बार काढलास?" असं विचारत. कमरेला काडतुसांचा जुना चामडी पट्टा, आणि काडतुसांच्या खणांत ओळीने खोचलेल्या पेन्सिली. त्यातली एक उपसून ते गेटवर आपलं रजिस्टर उघडत. त्यात चार रकाने. नाव. नग. जखमी. मेले.

जखमी म्हणजे हललेला फोटो! पाखरू अर्धवट टिपून पुढे जाणं हे काकांच्या लेखी पाप. "जखमी पाखराक टाकून शिकारी घराक जायत नाय," असं म्हणून ते तुम्हाला पुन्हा बोरूच्या आडोशात बसवत आणि तेच पाखरू नीट मिळेपर्यंत उठू देत नसत. तेच म्हणजे तेच. पन्नास चक्रांगांतून तो कुठला होता हे काकांना बरोबर कळे, किंवा कळल्याचं ते दाखवत, आणि आपली भांडायची काय टाप! पहिल्या शुक्रवारी माझी पाचही पाखरं जखमी झाली. सकाळी सहाला बसलेली मी साडेअकराला उठले. आमचे हे बाहेर गाडीत एसी लावून पेपरातली शब्दकोडी सोडवत होते, त्यांची चार सोडवून झाली.

एकदा एक मोठे मॅनेजरसाहेब तोफेसारखी लेन्स घेऊन आले. त्यांनी बटण दाबलं आणि कर्रर्र करून एका दमात शे-दीडशे फोटो ओढले. काका आडोशातून वाकून बाहेर आले.

"साब, ये मशीनगन इधर नहीं चलेगा. पाँच रखो, बाकी छोड दो."

"छोड दो मतलब?"

"मतलब उडने दो. डिलीट."

साहेब तापले. मी कोण आहे माहीत आहे का, तुमच्या अर्बाबला, म्हणजे मालकाला, फोन लावू का, सगळं झालं. काकांनी पेन्सिल पुढे केली. "लावा. पण आधी नग सांगा, लिवूचे आसत." साहेब दगडावर बसले आणि घाम पुसत एकेक फोटो खोडू लागले. तासाभराने पाच उरले. जाताना त्यांनी काकांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाचवा दाखवला, अगदी शाळकरी पोरासारखा. काका म्हणाले, "डोळो बरो धरलास." मॅनेजरसाहेब पुढे दर महिन्याला येऊ लागले, कर्रर्र न करता.

हे सगळं साहेबांच्या एका अटीवर चालायचं. हे साहेब म्हणजे कंपनीचे तळ्यांवरचे इंजिनियर, तिशी-पस्तिशीचे ओमानी गृहस्थ, कडक इस्त्रीचा पांढरा पायघोळ दिशदाशा आणि तितकंच कडक डोकं. दर रविवारी रजिस्टर वाचत. त्यांनी परवानगी देतानाच सांगून ठेवलं होतं, पब्लिकमुळे एक जरी पाखरू मेलं तरी गेट बंद. चौथ्या रकान्यात म्हणून काका दर शुक्रवारी मोठ्या झोकात शून्य काढत. आधी गोल, मग त्यावर समाधानाने पेन्सिलीची हलकी टिचकी.

साठी उलटलेल्या, व्हिसा वर्षावर्षाने वाढवून घेणाऱ्या त्या एकट्या माणसाचं मस्कतमध्ये दुसरं काही नव्हतं. बायको गेलेली, मुलगी गोव्यात सासरी. सहा दिवस सांडपाणी आणि एक दिवस शुक्रवार. त्या एका दिवसासाठी ते गुरुवारी केस कापून घेत.

तर मी. त्या वर्षी मामंजींची तिथी नेमकी एप्रिलातल्या शुक्रवारी आली, आणि नेमका त्याच शुक्रवारचा पास मला मिळालेला. आता आमच्या अल् खुवैरच्या फ्लॅटमध्ये श्राद्धाचं पान ठेवायचं म्हणजे गच्चीवर. आदल्या वर्षी तिथे कावळा शिवेना. हे उपाशी, मी उपाशी. दोन वाजता मी हात जोडून "मामंजी, तुमच्या मुलाला यापुढे वेळेवर जेवायला घालीन" म्हटलं, तीन वाजता "त्यांच्यावर ओरडणार नाही" म्हटलं, आणि कावळ्याऐवजी बिल्डिंगचा वॉचमन आला आणि माझ्यावर ओरडला. तळ्यावर कावळे खूप, हे मी पाहिलं होतं. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी! अहाहा. काय ती हुशारी.

दगडच आड आला. सकाळी आडोशात बसून मी चार बार काढले, चारही जखमी. काका दुसऱ्या टोकाला एका कुटुंबाला बसवायला गेले. मी डबा घेऊन जागा शोधायला निघाले, तर चौथ्या तळ्याच्या बांधावर काय दिसावं? शेंदूर फासलेले दोन गोल दगड! माझे हात आपोआप जोडले गेले. मनात म्हटलं, कोकणी माणूस तो, परमुलखात आला तरी बांधावर राखणदार बसवल्याशिवाय राहायचा नाही. जागा पवित्रच झाली. दोन दगडांच्या मधोमध गोटे पसरलेले होते, त्यांच्या शेजारी मी केळीचं पान मांडलं. भात, वरण, खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, वर तीळ. राखणदारालाही हळदकुंकू वाहिलं. आणि दोन पावलं मागे सरून, कॅमेरा सावरत, हलक्या आवाजात हाका मारल्या. काव, काव, काव.

आले हो! एक नाही, पाच. डोक्यावर ते लांब गुलाबी पायांचे काळेपांढरे शेकाटे किंचाळत घिरट्या घालत होते. मला वाटलं, त्यांनाही वड्याचा वास आला. मामंजी तृप्त झाले या आनंदात मी वडा चोचीत धरलेल्या एका कावळ्याचा बार काढला. आणि बघते तर काय, फोटो अगदी स्वच्छ. माझ्या आयुष्यातलं पहिलं न हललेलं पाखरू!

मागून काका धावत आले. साठीचा तो माणूस बांधावरून ओरडत, हातातली गलोल ताणत येत होता. कावळे उडाले. मी हसत कॅमेरा पुढे केला.

"काका, पाचवा बघा! जखमी नाही. आणि तुमचा देव किती छान बसवलाय हो."

"खंयचो देव?"

"हा काय, शेंदूर लावलेला."

काकांनी आधी दगडांकडे पाहिलं, मग केळीच्या पानाकडे. मग माझ्या हातातून कॅमेरा घेतला आणि फोटो मोठा केला. कावळ्याच्या चोचीत वडा नव्हता. करडं, काळ्या ठिपक्यांचं अंडं होतं.

"वैनी," ते अगदी हळू म्हणाले, "तो पायपांचो रंग आसा. घरटा कोणी तुडवू नये म्हणान मी लावलेलंय."

ते गोट्यांजवळ उकिडवे बसले, तेव्हा मला दिसलं. गोट्यांच्या मधल्या खळग्यात, गोट्यासारखंच, एक अंडं. सकाळपर्यंत चार होती. इतके दिवस काका कावळ्यांना गलोलीने चौथ्या तळ्यावरून दूर ठेवत होते, आणि मी त्यांना जेवायला बसवलं होतं, पाट-पाणी करून.

मी रडू लागले. मग, खरं लिहायचं तर, रडता रडता वकिली सुरू केली.

"काका, रजिस्टरात नका ना लिहू. कावळ्यांनीच खाल्ली. हे काही खोटं नाही."

"कावळ्यांनीच खाल्ल्यानी. पण तेंका जेवणाचा आमंत्रण कोणी धाडल्यान?"

"मग माझं नाव लिहा."

त्यांनी पट्ट्यातली पेन्सिल काढली. चौथ्या रकान्यात तीन लिहिलं, आणि त्या ओळीत नावाच्या जागी स्वतःचं नाव. मी झडप घालून म्हटलं, "हे काय? चूक माझी आहे!" तर म्हणाले, "परवान्यार सही कोणाची आसा?" आणि रजिस्टर मिटलं. मग केळीच्या पानावर उरलेलं अन्न त्यांनी गोळा केलं, एक शीत न सांडता, आणि मला म्हणाले, "वडे बरे झालेसत. तुमचे मामंजी नशीबवान." यात टोमणा होता की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

रविवारी मी गालाच्या ऑफिसात गेले. यांना न सांगता, आठव्या खेपेला मिळालेल्या लायसन्सवर, स्वतः गाडी हाकत. साहेबांसमोर रजिस्टर उघडं होतं आणि काका कोपऱ्यात उभे, शाळेत उभं करतात तसे. मी माझ्या हिंदीत सगळं सांगून टाकलं. साहेबांना हिंदी माझ्यापेक्षा बरी येत होती.

"मॅडम, कौवे को खाना क्यों दिया?"

"वो हमारे ससुरजी के लिए था. कौवा खाता है तो उनको पहुँचता है."

साहेबांनी थोडा विचार केला. "तो कौवे ने खाया?"

"हाँ, खाया."

"अल्हम्दुलिल्लाह," ते मनापासून म्हणाले. "लेकिन मेरा अंडा भी खाया."

मी काकांकडे बोट दाखवून म्हटलं, इनकी गलती नहीं, नाव कापून माझं घाला, मला पुन्हा पास देऊ नका, हवं तर मस्कतमध्ये कुठेच पास देऊ नका. साहेबांनी रजिस्टरातलं नाव बघितलं, काकांना बघितलं, आणि म्हणाले, "चार में से एक बाकी है ना? वो एक निकला तो गेट खुलेगा. नहीं निकला तो खलास, पब्लिक बंद. तब तक शुक्रवार भी बंद." काका म्हणाले, "इन्शाल्ला." बाहेर आल्यावर मी विचारलं, "आता?" म्हणाले, "आता काय? जखमी पाखराक टाकून घराक जातास?"

म्हणून मी सोमवारपासून सतरा दिवस त्या अंड्यावर बसले. म्हणजे शेकाटे बसत, मी त्यांच्यापासून तीस पावलांवर आडोशात. कारण कावळा एकदा जेवून गेला की पत्ता विसरत नाही. उजाडल्यापासून अकरापर्यंत मी, पुढे संध्याकाळपर्यंत कामातून सवड काढकाढून काका. त्यांनी मला गलोल शिकवली. नियम असा की कावळ्याला मारायचं नाही, त्याच्या शेपटीखालची हवा मारायची. माझा पहिला दगड मागे गेला आणि काकांच्या हेल्मेटवर बसला. "बरा झाला मी कावळो नाय," ते म्हणाले, "नायतर माका लागलो नसतो."

आता कावळ्याला मारायची तर सरकारचीच उघड परवानगी होती, ओमानात तो बाहेरून आलेला उपद्रवी पक्षी. त्याच दिवसांत एकदा कावळे कमी करायला माणसं आली होती, छऱ्यांच्या बंदुका घेऊन, कागदपत्रांसकट. हा कोणी जुना शिकारी आहे असं कळल्यावर त्यांच्यातल्या एकाने कौतुकाने बंदूक काकांच्या हातात दिली. मी तिथे होते. काकांनी ती तोलली. खांद्याला लावली, आणि त्या क्षणी तो वाकलेला माणूस सरळ झाला, दहा वर्षांनी तरुण दिसला. नळी नाकाशी नेऊन हुंगली. मग परत देऊन टाकली आणि म्हणाले, घरट्यांचे दिवस आहेत, महिन्याने या. मी नंतर विचारलं, "हात शिवशिवले का काका?" म्हणाले, "शिवशिवले. म्हणान तर परत दिलंय."

आडोशातल्या त्या सकाळी मी काकांना जितकं ओळखलं तितकं आधीच्या सगळ्या शुक्रवारांत नव्हतं. एरवी ते बोलत ते फक्त हुकूम. वारा बघा. पांढरं नेसून येऊ नका. दोन्ही डोळे उघडे ठेवा. पहिला थवा जाऊ द्या, त्यावर बार काढणं हावरटपणा. पण अंड्यापाशी बसलं की ते कुजबुजत गोष्टी सांगत. एकदा मी विचारलं, तुमच्या हातून कधी सहावं पाखरू पडलं का? मला वाटलं, नाही म्हणतील.

"पडला," ते म्हणाले. "पाच झालेले. बंदूक मोडून खांद्यार टाकूची, तर समोरसून एक उठला. हात आपसूक वर गेलो. पडल्यार कळला."

"मग?"

"मग काय? घेवन चालत गेलंय जंगल खात्याच्या हापिसात. तो सायब म्हणता, कोण बघूक इलो, खावन टाक. मी म्हटलंय, लिवा. तो लिवक तयार नाय, तेका कंटाळो. शेवटाक मीच लिवलंय तेच्या बुकात. परवानो एक हंगाम बंद."

"वाईट वाटलं असेल."

"बंदूक भिंतीर. माका घरात बसवना, म्हणान रोज तळ्यार जायत होतंय, हात हालवत. त्या थंडीत पयल्यांदा माका बदकां दिसली, वैनी. त्याआधी नुसती मारलेली."

समोर ऊन तापत होतं. एप्रिल संपून मे लागला होता, आणि मस्कतचा मे म्हणजे तवाच. मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसे. एक शेकाट्या अंड्यावरून उठला, उंच पाय टाकत पाण्यात गेला, पोट बुडवून बसला आणि ठिबकत परत येऊन अंड्यावर टेकला. पुन्हा गेला, पुन्हा आला. मी म्हटलं, "अहो, हा तर ओला टॉवेल आणतोय!" काकांनी ओठांवर बोट ठेवलं, पण चेहरा असा की जणू ते सगळं त्यांनीच त्याला शिकवलंय. ते पाणी कुठून आलं होतं ते आठवून मला हसू आलं. आमच्यासारख्यांच्या घरातलंच ते, आणि त्यात एक बाप आपलं पोट भिजवत होता.

माझा कॅमेरा त्या दिवसांत मी नेलाच नाही. काकांनी विचारलंही नाही.

अठराव्या दिवशी, गुरुवारी, माझी गाडी हायवेवर पंक्चर झाली. सतरा दिवस उजाडायच्या आत हजर असलेली मी आठ वाजता पोचले. आडोसा रिकामा. दोन शेंदरी दगडांच्या मधल्या खळग्यात अंडं नव्हतं. टरफलाचे दोन तुकडे होते. दिव्याच्या खांबावर दोन कावळे बसले होते, पोट भरल्यासारखे. शेकाटे कुठेतरी पलीकडे किंचाळत होते.

मी तिथेच बांधावर फतकल मारली आणि मोठ्याने रडले. मामंजींसाठी रडले नव्हते इतकी. गेट गेलं, काकांचा शुक्रवार गेला, एका पंक्चरपायी. मनात टायरवाल्यापासून ज्योतिष सांगणाऱ्या मावसजावेपर्यंत सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. काका सहा नंबरच्या तळ्याकडून हळूहळू चालत आले. घाई नाही, काही नाही. माझ्या हातात दुर्बीण दिली आणि खांद्याला धरून मला पलीकडच्या काठाकडे वळवलं.

डोळे भरलेले, काही दिसेना. पुसले. मग दिसलं. चिखलाच्या कडेला दोन काडेपेटीच्या काड्या चालत होत्या, आणि काड्यांवर कापसाचा मळका बोळा. चार पावलं, की धप्प. उठून पुन्हा चार पावलं. शेकाट्याचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच चालायला लागतं, हे मला सतरा दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं. पहाटे फुटलं होतं ते अंडं. आईबाप त्याला घेऊन बांध ओलांडून गेलेसुद्धा. आणि मी, जिने त्याच्यावर ओल्या टॉवेलात सतरा सकाळी काढल्या, ती त्या वेळी हायवेवर जॅक शोधत होते.

आता खरं तर हसायचं. पण मी बावन्न वर्षांची कुक्कुली, मला नव्याने रडू फुटलं. "मला बघायलाच मिळालं नाही हो काका! सगळ्यात महत्त्वाचं तेच मला दिसलं नाही!"

काकांनी माझ्या हातातली दुर्बीण काढून घेतली, तिच्या काचेवर पडलेलं माझं रडणं सदऱ्याच्या टोकाने पुसलं, आणि म्हणाले:

"रडा नको, वैनी. सायब सात वाजता येवन बघून गेले. उद्या शुक्रवार, गेट सहाक उघडता. रांगेत उभ्या रवा, सगळ्यांसारख्या. वळख सांगून आत घुसाक मिळाचा नाय."